डॉक्टरांचा बेसूर पहारा

ह्यांच्या रक्तात काविळीचा विषाणू घर करून बसला, त्याला बरीच वर्षं झाली. साधी कावीळ नव्हे, एकदा आली की मुक्कामाला राहते ती. ज्या साली ते कळलं त्या साली मी बोलले होते, की तळकोंडच्या मठात सप्ताह बसेल तेव्हा पंगतीत मी वाढीन, आणि शेवटचा माणूस उठल्याशिवाय स्वतःचं पान मांडणार नाही.

तोच नवस फेडायला गेले होते. मठाच्या ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होते, म्हणून पुढचं बोलणं माझ्या कानावर पडलं.

"म्हणजे त्या दमलेल्या पेशी मेलेल्या नसतात?" बुवा विचारत होते.

"नाही महाराज. जिवंत असतात."

"आणि लढतही नाहीत?"

"नाही."

"मग करतात काय?"

"उभ्या असतात," डॉक्टर म्हणाले. "नुसत्या."

बुवांनी माझ्या परातीतली एक शेंग उचलली. सोलली. दाणे टाकले.

"आमचे विश्वस्तही तसेच आहेत," बुवा म्हणाले.

बुवा म्हणजे अच्युतबुवा, मठाचे म्हातारे. आणि डॉक्टर म्हणजे हृषीकेश कानविंदे. पुण्याला मोठ्या प्रयोगशाळेत असतात. रोगी तपासत नाहीत, रक्तातल्या लढणाऱ्या पेशी तपासतात. त्यांची आई बुवांची शिष्या होती. ती गेली आणि मुलगा अनुग्रह मागायला आला. हात जोडले होते, पण मान अजून ताठ होती.

"दमतात कशानं?" बुवांनी विचारलं.

"विषाणू जात नाही ना महाराज. शत्रू रोज समोर. दिवस नाही, रात्र नाही, सतत लढाई. हळूहळू जोर ओसरतो. मग त्या पेशी आपल्या अंगावर ब्रेक वाढवतात."

"कोणाच्या अंगावर?"

"स्वतःच्याच."

"ब्रेक नसता तर?"

"विषाणू यकृतात लपलेला असतो. त्याला मारता मारता त्यांनी यकृतच जाळून टाकलं असतं."

"मग शहाण्या आहेत की!"

डॉक्टरांना ते आवडलं नाही. आपल्या आजाराला कोणी शहाणं म्हटलेलं डॉक्टर लोकांना आवडत नाही.

"मी ब्रेक सोडवणारं औषध देतो," ते म्हणाले. "उंदरांना. काय उसळतात त्या पेशी म्हणून सांगू!"

"वा."

"थोडे दिवस."

"मग?"

"मग पहिल्यापेक्षा खाली बसतात."

"मग तुम्ही काय करता?"

"डोस वाढवतो."

बुवांनी आणखी एक शेंग सोलली.

"उंदीर काय म्हणतात?"

मला हसू आलं. शेंग हातातून सुटून चुलीकडे गेली. डॉक्टर हसले नाहीत.

"सगळ्याच दमतात का हो?" बुवांनी पुन्हा विचारलं.

"नाही. थोड्या बाजूला असतात. मानेतल्या, काखेतल्या गाठींमध्ये. फारशा लढत नाहीत. त्यांना हाक घातली तर उठतात, एकीच्या अनेक होतात. पण त्यांच्यावर आमचे दुसरे एक सर काम करतात."

'दुसरे एक सर' हे त्यांनी अशा आवाजात म्हटलं, जसं मी 'आमच्या मोठ्या जाऊबाई' म्हणते.

"मला ते नको," डॉक्टर म्हणाले. "जो पुरता दमलाय, त्यालाच मी उभा करून दाखवणार. महाराज, अनुग्रह द्या. एवढं साधलं की माणसांची पाळी. काकूंच्या मिस्टरांना पहिलं बोलावतो, नक्की."

माझा हात थांबला. मी बुवांकडे बघितलं. द्या हो, असं मला म्हणायचं होतं.

बुवा म्हणाले, "अनुग्रहाचं काल्याच्या दिवशी बघू. तोवर सप्ताहाचे पहारे तुम्ही लावा."

ज्यांनी सप्ताह बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. सप्ताहात देवापुढे अखंड नाम चालतं. एकाच्या गळ्यात वीणा, बाकीच्यांच्या हातात टाळ. त्यांचा पहारा झाला की दुसरे येतात, वीणा गळ्यातून गळ्यात जाते. काल्याच्या, म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत खाली ठेवायची नाही. नामही थांबायचं नाही. बुवांच्या गुरूंपासून तळकोंडचं नाम कधी तुटलं नव्हतं.

आणि मी मनात एक गाठ बांधून ठेवली होती. नाम तुटलं नाही, तर ह्यांनाही काही होणार नाही. असं मला कोणी सांगितलं नव्हतं. पण अशा गाठी बांधताना आपण कुठे कोणाला विचारतो?

तर, डॉक्टरांनी पहारे लावायला घेतले.

आधी ते मठाभोवती एक फेरी मारून आले. परतले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"काकू, अर्धा गाव गोठ्यात कडब्यावर झोपलाय! हा कसला सप्ताह?"

"पाळीची वाट बघतायत," मी म्हटलं.

"झोपून?"

मग त्यांनी सगळ्यांना उठवून पिंपळाखाली आणलं आणि एकेकाला 'रामकृष्णहरी' म्हणायला लावलं. डोळे मिटून ऐकत होते. मुलगी बघायला आल्यासारखे.

तुळशीराम गुरवाचा आवाज ऐकून त्यांनी डोळे उघडले. खरंच देवाचं देणं होतं ते. डोंगरावर जाऊन परत यायचा तो आवाज. त्याच्यासारखे आणखी मोजके निवडले.

केरबाची पाळी आली. केरबाचा आवाज म्हणजे पत्र्यावर खडे ओतावेत तसा.

"तुम्ही पंगतीचं पाणी बघा," डॉक्टर म्हणाले.

"आन् न्हाई तवा?"

"तेव्हा काही नाही."

"ब्येस झालं," म्हणून केरबा पुन्हा कडब्यावर जाऊन पडला. त्याच्यामागून बाकीचे नापास झालेलेही गेले.

गावातली एक म्हातारी म्हणाली, "सायेब, आमच्यात समदेच हुबे ऱ्हात्यात. बेसूर बी."

"चांगला गळा हाताशी असताना वाईट गळा का उभा करायचा, आजी?"

सगळ्यांनी बुवांकडे बघितलं. बुवा पावटे सोलत होते.

पहिला दिवस काय सांगू! देवसुद्धा जरा सावरून उभा राहिल्यासारखा वाटला. तुळशीरामाच्या गळ्यात वीणा, डोळे मिटलेले, आणि आवाज शिखरावरून वाहतोय. बायका हातातली कामं सोडून दारात आल्या. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी.

"बघितलंत, काकू? फक्त निवड नीट करावी लागते."

मीही मनात म्हटलं, हा माणूस ह्यांना बरं करणार.

दुसऱ्या दिवशी तेच तुळशीराम, तेच टाळकरी. ते पारावर जरा टेकायचे, घोटभर पाणी प्यायचे, की डॉक्टर बोलवायला हजर. आवाज डोंगरावर जाईनासा झाला. वेशीपर्यंत जायचा.

डॉक्टरांनी कॉफी पाजली.

आवाज परत डोंगरावर गेला. मग परत आला तो वेशीच्याही अलीकडे.

डॉक्टरांनी ज्येष्ठमध दिलं. गुळण्या झाल्या. घशाच्या गोळ्या झाल्या. प्रत्येक वेळी थोडा वेळ गाव दणाणायचं, आणि मग आवाज आधीपेक्षा खाली उतरायचा.

मग त्यांनी तालुक्याहून लाऊडस्पीकर आणवला. त्यानं एकच झालं. आमच्या पहाऱ्याचा घसा बसलाय, हे शेजारच्या गावालाही कळलं.

"अजून कडक कॉफी," डॉक्टर म्हणाले.

मी चुलीवर आधण ठेवलं. पण माझं मन लागेना. बुवांकडे गेले.

"बुवा, नाम तुटेल हो."

"हं."

"डॉक्टरांना सांगा ना काही."

"ते मोठे आहेत. पुण्याचे आहेत."

"मग तुळशीरामला तरी सांगा, वीणा दुसऱ्याला दे म्हणून."

"सांगून बघ."

मी गेले. तुळशीरामनं वीणेवरची बोटं थांबवली नाहीत. माझ्या कानाशी तोंड आणून कुजबुजला. कुजबुजण्यापुरताच आवाज उरला होता त्याच्याजवळ.

"न्हाई सोडायचा ताई. डाक्टरनं निवडलंय मला."

मला वाटलं, झालं. आता दोघांचीही मान ताठ.

त्या दिवशी पंगतीला लापशी होती. तूप सढळ पडलं होतं. पंगत उठली आणि सगळ्या मठावर गुंगी आली. कुत्रीसुद्धा उष्ट्या पत्रावळींशेजारी न खाता आडवी झाली. माझं पान अजून मांडायचं होतं, कारण एक आजोबा पंगतीत बसल्या बसल्याच झोपले होते आणि उठत नव्हते.

आणि मला ऐकू आलं, की काहीच ऐकू येत नाहीये.

पळत देवापुढे गेले. टाळ नुसते हलत होते. तोंडं हलत होती. सगळे ओळीत, ताठ, डोळे उघडे. पण 'रामकृष्णहरी'मधलं एक अक्षर बाहेर पडत नव्हतं. फक्त एका कोपऱ्यात कोणीतरी घोगरं 'हरी... हरी...' ओढत होता, तेवढ्या एका धाग्यावर नाम लोंबकळत होतं.

डॉक्टर त्यांच्यापुढे उभे. केस विस्कटलेले. हातात कॉफीचा पेला.

"तुळशीराम! शेवटचा घोट! घ्या!"

तुळशीरामनं मान हलवली. घोट गळ्याखाली उतरेना. तो पुढे झुकला, आणि वीणेचा भोपळा जमिनीपासून वीतभरच वर उरला.

मी डोळे मिटले. ह्यांचा चेहरा समोर आला.

उघडले तेव्हा बुवा तिथे होते. कधी आले कळलं नाही. त्यांनी वीणा दोन्ही हातांवर झेलली होती. कपाळाला लावली. तुळशीरामाच्या गळ्यातून काढली.

आणि डॉक्टरांच्या गळ्यात घातली.

"म्हणा."

"मी?"

"धागा तुटतोय, डॉक्टर."

"महाराज, मला सूर नाही! शाळेत मला प्रार्थनेच्या रांगेत ओठ मिटून उभं करायचे!"

"माहीत आहे. तुमची आई सांगायची."

"मग?"

"म्हणूनच."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. कोणाला जोडले ते मलाही माहीत नाही.

डॉक्टरांनी तोंड उघडलं.

असा आवाज मी एकदाच ऐकला होता. आमच्या इमारतीतली पाण्याची मोटर जळाली तेव्हा. गाभाऱ्यावरची पारवी उडाली. कुत्री उठून शेपट्या घालून नदीकडे निघाली. पंगतीत झोपलेले आजोबा दचकून उठले आणि हात धुवायला गेले. एवढं मात्र माझ्या सोयीचं झालं.

"राऽऽम... कृष्ण... हऽऽरी!"

"जोरात," बुवा म्हणाले.

"राऽऽऽम!"

गोठ्यात खळबळ उडाली.

"आरं, कोन गेलं?" केरबाचा आवाज.

"रेडकू आडलं जनू!"

"मठातनं येतंय रं! नाम म्हनतंय कोनतरी!"

"ह्याला नाम म्हनत्यात व्हय?"

आणि केसांत कडबा, डोळ्यांत झोप, धोतराचा सोगा हातात, असे ते सगळे नापास झालेले धावत आले. केरबा पुढे. दारात थबकला. डॉक्टरांना बघितलं, वीणा बघितली, पुन्हा डॉक्टरांना बघितलं.

"अवं सायेब! हेच्यापरीस म्या बरा म्हनतो की!"

त्यानं एका टाळकऱ्याच्या हातातून टाळ काढून घेतले. टाळकरी जागच्या जागी खाली बसला आणि भिंतीला टेकून झोपला. दुसऱ्यानं दुसऱ्याचे टाळ घेतले. पत्र्यावर खडे पडू लागले. एक पत्रा, दुसरा पत्रा, मग मुसळधार. सुरात काही नव्हतं. पण देऊळ भरलं.

"द्या वीणा," केरबा डॉक्टरांना म्हणाला.

"थांबा जरा," डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि आता कुठे त्यांना गोडी लागली होती. "अजून एकदा..."

"द्या," बुवा म्हणाले.

त्यांनी दिली. नाइलाजानं.

तुळशीराम तोवर खांबाशी कलंडला होता. घोरत होता. खरं सांगते, त्याचं घोरणं टाळाच्या ठेक्यात होतं.

त्यानंतर पहारे कोणी लावले नाहीत. जो उठे तो येई, जो दमे तो जाई. डॉक्टर तुळशीरामाच्या उशाशी बसून राहिले. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात बॅटरी. तो जरा कूस बदले, की डॉक्टर वाकून बघत.

"घसा बघू का?" त्यांनी बुवांना विचारलं.

बुवा येऊन शेजारी उभे राहिले.

"नुसता बघतो. हलवत नाही."

बुवांनी त्यांच्या हातातून कॉफीचा पेला घेतला. शांतपणे सगळी कॉफी पिऊन टाकली. रिकामा पेला परत त्यांच्या हातात दिला आणि निघून गेले.

डॉक्टर त्या पेल्याकडे बघत बसले... बराच वेळ. मग त्यांनी बॅटरी विझवली.

तुळशीराम केव्हातरी आपणहून उठला, जेवला, आणि काल्याच्या दिवशी वीणेशी आला. पहिल्या दिवसाचा आवाज नव्हता, खोटं कशाला सांगू? डोंगरापर्यंत गेला नाही. ओढ्यापर्यंत गेला. पण होता. शेजारी केरबा होता, पत्र्यासकट. दोघं मिळून चांगले चालले होते.

दहीहंडी फुटली. काला वाटला. नाम न तुटता पूर्ण झालं. वीणा देवापुढे ठेवली, तेव्हा मी पदरानं डोळे पुसले.

सगळे पांगले. बुवा ओट्यावर घोंगडं पसरत होते. डॉक्टर धावत आले.

"बुवा, मला कळलं!"

आता ते 'महाराज' म्हणत नव्हते, हे माझ्या लक्षात आलं.

"काय कळलं?"

"मी शत्रू समोर ठेवून ब्रेक सोडवत होतो! आधी विषाणू गोळ्यांनी खाली आणायला हवा. पेशींना उसंत. आणि मग हाक घालायची ती बाजूला राहिलेल्यांना... मी आमच्या त्या सरांना फोन केला."

"कोणत्या?"

"दुसऱ्या एका," डॉक्टर खाली बघून म्हणाले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कधीची वाट बघतोय तुझ्या फोनची."

बुवा घोंगड्याची सुरकुती काढत राहिले.

मला राहवलं नाही. "डॉक्टर, आणि ह्यांचं काय? ह्यांना कधी बोलावणार?"

"काकू, आत्ता नाही. उंदरांचंच सगळं पुन्हा करायचंय. पण त्यांची रोजची गोळी एकही चुकवू नका. विषाणू दबून राहतो तो त्या गोळीनं. आतल्यांना तेवढीच विश्रांती."

"आणि तुमचं औषध निघेल?"

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाले.

आले त्या दिवशी ते 'नक्की' म्हणाले होते. का कोण जाणे, पण त्या 'नक्की'पेक्षा ह्या 'माहीत नाही'चा मला जास्त आधार वाटला. आजही वाटतो.

डॉक्टरांनी बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. मान चांगली वाकली. "आता अनुग्रह द्या. आजच पुण्याला जातो. आता जागरणं करीन, दिवसरात्र एक करीन, पण..."

"पाठ टेका," बुवा म्हणाले.

"अं?"

"हाच अनुग्रह. दुसरा नाही माझ्याकडे."

डॉक्टर घोंगड्याकडे बघत राहिले.

बुवा माझ्याकडे वळले. "तूही, शैलजा. जेवून घे आणि नीज. किती वर्षं त्याच्या उशाशी जागतेस? आणि ही गोष्ट ज्या कोणाला सांगशील, त्यालाही माझ्यातर्फे सांग. घरात आजारी माणूस असेल, त्याचं औषधपाणी झालं असेल, तर आज जरा नीज म्हणावं."

ते मी आता तुम्हाला सांगितलं. ऐका बुवांचं.

पण डॉक्टर ते डॉक्टरच. घोंगड्याच्या कडेला टेकता टेकता त्यांनी विचारलंच.

"बुवा, पण सगळेच निजले, तर जागणार कोण?"

बुवांनी उपरणं तोंडावर ओढून घेतलं...

आतून आवाज आला.

"ज्याची झोप झाली असेल, तो."